धर्म आजही लागतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये आम्ही दहा-बारा जण जमतो, कॉलेजची पोरं, दोन-तीन आजोबा, मधल्या वयाच्या आम्ही बायका. सुरुवात हरिपाठासाठी झाली होती, आता हरिपाठ वीस मिनिटं होतो आणि मग गप्पा सुरू होतात त्या चहा होईपर्यंत चालतात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, नवीन आलेला माणूस परत तिथूनच सुरू करतो, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. माझं माहेर नाना पेठेतलं, निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून दोन मिनिटांवर, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिकडचीच येतील.

आता हॉस्पिटल आहे, बँक आहे, मोबाईलवर सगळं मिळतं. मग धर्म नेमका कशाला लागतो?

याचं उत्तर मी पालखीपासून देते कारण मला ते तिथेच कळलं. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी पुण्यात येते, तुकोबांचा मुक्काम नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींचा भवानी पेठेत पालखी विठोबाला. त्या दोन रात्री आमच्या वाड्यात दरवर्षी एकच दिंडी उतरायची, परभणीकडची, चाळीस-पंचेचाळीस माणसं. आजी आठवडाभर आधीपासून ज्वारी दळून आणायच्या मागे असायची. वडिलांचा पगार बेताचा, पण त्या दोन दिवसांच्या खर्चावर घरात कधी चर्चा झाली नाही. आणि आजीने त्यातल्या एकाही माणसाला आडनाव विचारलेलं मला आठवत नाही, सगळे माउली. मी एकदा विचारलं होतं तिला की आजी त्यांची नावं का गं विचारत नाहीस, तर म्हणाली, आडनाव विचारलं की जात कळते, जात कळली की पंगत मोडते. आजी चौथी शिकलेली होती.

रस्त्यावर बघाल तर न्हावी फुकट दाढी करत असतात, चांभार तुटलेल्या चपला शिवून देतात, डॉक्टर पायाचे फोड बघत बसलेले असतात, पेठेतली मुस्लिम पोरं पाणी नि केळी वाटत असतात. हे सगळं धर्माशिवाय करता येत नाही का? येतं की. करणारेही आहेत आणि मला त्यांचा आदर आहे. पण वर्षातला ठरलेला दिवस, ठरलेलं काम, आणि ते न बोलावता आपलं म्हणून अंगावर घ्यायचं, ही सवय इतक्या साध्या माणसांना पिढ्यान् पिढ्या लावणारी दुसरी गोष्ट मला तरी अजून दिसलेली नाही. २०२० ला कोरोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, पेठा रिकाम्या, आमचा वाडाही रिकामा. आईने तरी सवयीने परात भरून पीठ मळलं होतं आणि मग त्या भाकऱ्या आम्ही गल्लीतल्या वॉचमन आणि सफाईवाल्या ताईंना दिल्या. मला वाटतं धर्माने काय केलं या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर त्या परातीत आहे.

म्हणून पुढे सगळीकडे मी एकच गोष्ट तपासून बघणार आहे, पंगतीत कोण बसतंय आणि कुणाला उठवलं जातंय.

पण धर्म म्हणजे काय ते तरी ठरवा आधी. देव, की पूजा, की जात?

मराठीत हा शब्द आपण कुठे कुठे वापरतो बघा. शेजारधर्म, धर्मशाळा, धर्मादाय दवाखाना, धर्मसंकट, दारात येऊन "धर्म करा माय" म्हणणारी बाई. यात देवाचं नाव कुठेच येत नाही. शब्द धृ धातूवरून आलाय, धरून ठेवणं, सांभाळणं. आणि दुसरा धर्म म्हणजे फॉर्मवरचा रकाना. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण ८० टक्के हिंदू, साडेअकरा टक्के मुस्लिम, ६ टक्क्यांच्या जवळपास बौद्ध, मग जैन, ख्रिश्चन, शीख आणि बाकीचे. आपल्याकडे भांडणं होतात ती बऱ्याचदा यामुळे होतात की एक जण शेजारधर्माबद्दल बोलत असतो आणि समोरचा रकान्याबद्दल, आणि दोघांनाही वाटतं आपण एकाच गोष्टीवर बोलतोय.

सायन्स शिकलेल्या माणसाने देव मानणं म्हणजे अंधश्रद्धा ना?

नाही. आमच्या बाबांना शुगर होती, ते गुरुवारचा कडक उपास करायचे, डॉक्टरांनी सांगितलं उपाशी राहायचं नाही, त्याच दिवशी उपास सोडला, देवाला नमस्कार मात्र चालू राहिला. दोन्ही गोष्टी एका माणसात नीट राहू शकतात. गोळी बंद करा आणि अंगारा लावा असं कुणी म्हटलं की मग मात्र मी शंभर टक्के गोळीच्या बाजूने आहे.

हा प्रश्न पुण्यात विचारला की मला ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आठवतोच. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथे गोळ्या घातल्या. मी तेव्हा त्या पुलावरून रोज ऑफिसला जायचे, त्यानंतर कितीतरी दिवस तिथून जाताना गाडी आपोआप हळू व्हायची. ज्या पुलाला आयुष्यभर अस्पृश्यता निवारणाचं काम करणाऱ्या माणसाचं नाव दिलंय त्याच पुलावर हे झालं. २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने गोळ्या घालणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, बाकी तिघे सुटले. मी स्वतः भाविक आहे, त्यांचं सगळं मला पटायचं असं नाही, पण प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मारून कुठलाही धर्म वाचत नाही हे मी कुणापुढेही म्हणेन.

ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर इतकी वर्षं झगडले तो त्याच वर्षी आला आणि अजूनही लोकांना वाटतं की त्याने पूजाअर्चेवर बंदी आणलीय. तसं काही नाही, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना तो लागू नाही असं कायद्यातच लिहिलंय. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, नरबळी, चमत्कार दाखवून पैसे लुबाडणं, साप चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देणं, असल्या गोष्टींवर तो आहे, ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत शिक्षा.

धर्म म्हणजे अफूची गोळी असं मार्क्स म्हणून गेलाय.

म्हणून गेलाय, १८४४ मध्ये छापलेल्या लेखात. पण त्याच परिच्छेदात तो धर्माला पिचलेल्या माणसाचा सुस्काराही म्हणतो, ते कुणी सांगत नाही. त्या काळात अफू दुखणं कमी करायला औषध म्हणूनही घ्यायचे. दुखणं का आहे ते बघा असं त्याचं म्हणणं होतं आणि ते मला पटतं.

जातीचं काय? भेदभाव धर्मानेच शिकवला ना?

हो. यावर मी फिरवून फिरवून बोलणार नाही. धर्माच्या नावाने माणसांना पाण्यापासून, देवळापासून, शाळेपासून लांब ठेवलं गेलं आणि ते आपल्याच गावात, आपल्याच पेठांत झालं. सारसबागेतून वर बघितलं की पर्वती दिसते, आपण तिथे सकाळी फिरायला जातो, १९२९ मध्ये त्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी ही मंडळी त्यात होती, आणि सत्याग्रहींवर आपल्याच पुणेकरांनी दगड मारले. देऊळ तेव्हा उघडलं नाही ते नाहीच. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर उघडायला १९४७ साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सातशे वर्षं संत सांगत होते तरी!

वारीबद्दल मी वर इतकं प्रेमाने लिहिलंय तर हेही लिहिते. आपल्या डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या आणि त्यांनी लिहून ठेवलंय की दिंडीत भजन एकत्र व्हायचं पण ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणं वेगळी व्हायची, आणि त्यांना त्याचा त्रास झाला. माझ्या आजीचा वाडा सगळीकडे नव्हता. हे वाचल्यावर मी आईला विचारलं आपल्याकडे खरंच कधी वेगळी पंगत झाली नाही का, तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, तुझी आजी घरात सासू झाली त्यानंतर नाही. म्हणजे त्याआधी होत होती.

पण गोष्ट इथेच संपत नाही. याच पुण्यात महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, एवढाच मानला, मधला दलाल नाकारला. त्यांनी शेवटच्या पुस्तकात असं घर लिहिलंय जिथे बायको बौद्ध होईल, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि तरी सगळे प्रेमाने एकत्र राहतील. हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी! आणि बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, त्यानंतर एकवीस वर्षं त्यांनी विचार केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धम्म घेतला. त्याच्या दोन वर्षं आधी, २५ डिसेंबर १९५४ ला, ते देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करायला आले होते. तुकोबांचं देहू तिथून किती जवळ आहे ते बघा नकाशात. ज्या माणसाला धर्माने सगळ्यात जास्त छळलं त्याने धर्म टाकून दिला नाही, ज्यात सगळे सारखे बसतील असा शोधला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देशातल्या साधारण ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत, २०११ चा आकडा आहे.

आज हे संपलंय का? नाही संपलं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्याला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला यावरून काय ते समजा.

बायकांना धर्मात काय मिळालं?

बऱ्याच घरांत काम मिळालं, मान कमी मिळाला. माझी धाकटी आत्या बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. ती आमच्या घरातली सगळ्यात हौशी बाई, चैत्रातल्या हळदीकुंकवाची कैरीची डाळ आणि पन्हं तीच करायची, आणि बायका यायला लागल्या की आपली आपण उठून आत जाऊन बसायची. कुणी जा म्हणायचं नाही, तिलाच माहीत होतं. मी आठवीत होते, मी एकदा तिला हात धरून बाहेर आणायला गेले तर ती माझ्यावर चिडली, इतकी की मी रडले. आता मला कळतं ती का चिडली. आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं तेव्हा सगळ्यांना होतं, आत्या पाटावर पहिली असते, आता ती सत्तरीच्या पुढे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठरावच केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्यानंतर सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. बातमी वाचून आत्याने फक्त एवढंच विचारलं, कुठे आलं गं हे गाव?

बाकी ठिकाणी दार हळूहळू उघडतंय, काही कोर्टाने, काही लोकांनी. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की देवळात जायचा हक्क बायकांनाही आहे आणि त्याच गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या, त्याच वर्षी हाजी अलीच्या दर्ग्याचा निकालही बायकांच्या बाजूने लागला. तोंडी तलाकविरुद्धचा लढा त्याच्याही कितीतरी आधीचा, हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला होता आणि २२ मार्च १९७० ला इथे पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ सुरू केलं. आणि आपल्याकडे ज्ञान प्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवलं, जातीचीही अट नाही, प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगतात. माझ्या भाचीचं लग्न तसं लागलं, गुरुजींच्या जागी एक काकू होत्या, सप्तपदीचं एकेक पाऊल काय म्हणतं ते त्या सांगत होत्या आणि पहिल्यांदाच मांडवात लोक गप्पा न मारता ऐकत होते. कन्यादान नव्हतं. वडिलांना आधी थोडं जड गेलं, मग बरं वाटलं.

पाळीत देवाला हात लावू का, हे मुली मला बाजूला घेऊन विचारतात. लाव बाळा. मी लावते.

सोसायटीत अमुक धर्माच्या लोकांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं म्हणतात, त्यात चूक काय?

चूक आहे. पुण्याचीच एक जुनी गोष्ट सांगते. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला रानडे, टिळक अशी शहरातली मोठमोठी माणसं गेली होती, तिथे चहा-बिस्किटं आली, कुणी चहा प्यायलं, कुणी नुसता कप घेतला. पुढे पेपरात नावं छापून आली आणि ख्रिश्चनांच्या घरचा चहा घेतला म्हणून एवढं ग्रामण्य, म्हणजे जातीतलं भांडण, झालं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, लोकांवर बहिष्कार पडले, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आज हे ऐकून पोरं म्हणतात एका कप चहासाठी? हो, एका कप चहासाठी. आणि पुढची पिढी आपल्याला विचारेल, एका फ्लॅटसाठी?

एका सोसायटीत मी आधी राहत होते तिथे असंच झालं होतं. दोघं नवरा-बायको, दोघंही हिंजवडीला नोकरीला, छान वागणारी माणसं, ॲडव्हान्स द्यायची तयारी होती. मीटिंगमध्ये तिघा-चौघांनी आवाज चढवला, बाकी सगळे गप्प, मीही गप्प बसले. त्यांना दुसरीकडे घर बघावं लागलं. ती मुलगी लिफ्टमध्ये भेटली तेव्हा माझ्याकडे बघून हसली, त्या हसण्याने मला कितीतरी दिवस झोप लागली नाही. घरात माझ्या विठोबा होता आणि मी त्या माणसांना पंगतीतून उठवलं.

गणपतीतला डीजे, लाउडस्पीकर, ट्रॅफिक याला धर्म म्हणायचं का?

ढोल-ताशा मला आवडतो, लक्ष्मी रोडला विसर्जनाची मिरवणूक मी लहानपणापासून बघतेय, कसबा गणपती पुढे निघाला की अंगावर काटा येतो. पण छातीत धडधडेल इतका साऊंड लावला की शेजारच्या इमारतीतल्या हार्टच्या पेशंटचं काय होतं ते कुणीतरी बघायला हवं ना. नियम साधा आहे, २००० सालापासून आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हा नियम देवळाला, मशिदीला, चर्चला, लग्नाच्या हॉलला, सगळ्यांना सारखा आहे. आपल्याला दुसऱ्याचा स्पीकर ऐकू येतो आणि आपला येत नाही एवढंच.

मूर्तीचं मात्र पुण्याने चांगलं काम केलंय. शाडूची आणा, घरच्या बादलीत विरघळते, माती कुंडीत जाते. पीओपीची असेल तर आपल्या एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय आहे, बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती ठेवायची, काही दिवसांत विरघळते आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. महापालिकेने ही पावडर फुकट वाटलेली आहे.

मी नास्तिक आहे. घरात रोज भांडण होतं. काय करू?

आरतीला टाळ्या वाजवायची सक्ती घरच्यांनी करू नये आणि तू आईच्या देव्हाऱ्यावर बोलू नये. पण पालखीला भाकऱ्या वाढायला ये, तिथे कुणी काय मानतोस ते विचारत नाही. आमच्या रविवारच्या मंडळींत दोन नास्तिक आहेत आणि सेवेला सगळ्यात आधी तेच येतात.

मुलांना धर्म शिकवायचा की मोठी झाल्यावर ठरवू द्यायचं?

दोन्ही. भाषा कशी शिकवतो, आपली आधी देतो आणि मग चार बाकीच्या कानावर पडू देतो. सरकारच्या पैशाने पूर्ण चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, घटनेचं २८ वं कलम आहे, आणि ते बरोबरच आहे, म्हणजे हे काम घरचं आहे. नुसतं पाठांतर करून घेऊ नका, मुलं विचारतात तेव्हा "असंच असतं" म्हणू नका, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

आणि त्यांना हिंडवा. पुण्यासारखं शहर नाही यासाठी, खरंच. जंगली महाराज रोडला भर ट्रॅफिकमध्ये आठव्या शतकातलं पाताळेश्वर आहे. कॅम्पात लाल देऊळ आहे, ते ज्यूंचं, डेव्हिड ससूनने बांधलेलं, १८६७ चं, आणि आपले बेने इस्राएल, म्हणजे इथलेच जुने ज्यू, लोक घरात मराठी बोलतात हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. पंचहौदचं चर्च दाखवा, चहाची गोष्ट तिथेच उभं राहून सांगा. कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात लंगरला नेऊन सगळ्यांबरोबर जमिनीवर बसवा आणि नंतर भांडी घासायला लावा. माझा भाचा तिथून आल्यावर म्हणाला मावशी, तिथे मालक कोण आहे तेच कळलं नाही. तेच कळायला नको असतं रे, म्हटलं.

सेक्युलर म्हणजे धर्म सोडायचा का?

नाही, सरकारने एकाची बाजू घ्यायची नाही. तो शब्द प्रस्तावनेत १९७६ मध्ये घातला, पण २५ वं कलम पहिल्यापासून आहे, प्रत्येकाला आपला धर्म मानायचं, पाळायचं, सांगायचं स्वातंत्र्य, सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. आणि ५१ अ मध्ये वैज्ञानिक दृष्टी बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. दोन्ही एकाच घटनेत आहेत.

दोघांचे धर्म वेगळे आहेत, लग्न करायचंय. कुणीतरी धर्म बदलायलाच लागतो का?

नाही लागत. १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला पाहिजे, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस बोर्डावर लागते, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. आईवडिलांना आधी सांगा, नोटीस बोर्डावरून कळू देऊ नका, एवढं मी काकू म्हणून सांगते. आणि आईवडिलांना सांगते, मुलगी तीच आहे हो, कालची.

देणगी देतो ती कुठे जाते? आणि खरा महाराज कसा ओळखायचा?

देवस्थान किंवा मठ ट्रस्ट म्हणून नोंदलेला असेल तर तो १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली येतो, हिशोब ठेवावा लागतो, ऑडिट करावं लागतं, धर्मादाय आयुक्तांचं त्यावर लक्ष असतं. मशिदी, दर्ग्यांच्या वक्फ मिळकतींसाठी वक्फ बोर्ड वेगळं आहे. पावती मागा. पावती मागितल्यावर ज्याचा चेहरा बदलतो तिथे परत जाऊ नका. याच कायद्याखाली धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड गरिबांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवावे लागतात, हे कामवाल्या ताईंना, रिक्षावाल्या दादांना नक्की सांगा, खूप जणांना माहीत नसतं आणि वेळेला घर गहाण पडतं.

महाराजांचं म्हणाल तर माझ्या मावशीच्या घरात एका बुवाने शिरकाव केला होता, त्यामुळे बोलते. त्याने आधी तिला बहिणींपासून तोडलं. मग डॉक्टरांपासून. मग दागिने गेले. क्रम लक्षात ठेवा, पहिल्या पायरीलाच माणूस ओळखता येतो. जो तुम्हाला आपल्या माणसांपासून लांब नेतो, एकट्यात भेटायला बोलावतो, प्रश्न विचारला की शापाची भीती घालतो, तो कितीही गोड बोलत असला तरी निघून या.

दुःख झालं की देव आठवतो, हा कमकुवतपणा नाही का?

आई गेली तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीपुढे मी उभी होते, भाऊ परदेशात, फ्लाईट मिळाली नव्हती, म्हणून सगळं मीच केलं, गुरुजींनी एका शब्दाने अडवलं नाही. घरी आले तेव्हा काय करायचं तेच कळत नव्हतं, हात नुसते लटकत होते. आणि मग रीत सुरू झाली. दिवा लावा, इथे बसा, शेजारच्यांनी पिठलं-भात आणला, कारण सुतकात घरात चूल पेटवत नाहीत. आधी मला ती रीत कर्मठ वाटायची. त्या दिवशी कळलं की ज्या माणसाला दोन घास करून खायचं भान नाही त्याच्यासाठी कुणीतरी, केव्हातरी, हे ठरवून ठेवलंय की आज स्वयंपाक शेजाऱ्यांनी करायचा. तळमजल्यावरच्या खानभाभी तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या, म्हणाल्या तुमच्यात चालतं का माहीत नाही, मी कांदा-लसूण काही घातलेलं नाहीये. मी त्यांना आत घेतलं आणि आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो.

देव होता का तिथे, मला सांगता येणार नाही. मी एकटी नव्हते.

यंदा पालखीला सेवा करायची आहे, पहिल्यांदाच. काय आणू?

फरसाण आणि बिस्किटांचे पुडे नकोत, त्यांचा ढीग होतो आणि सकाळी रस्त्यावर कचरा दिसतो. खोबरेल तेल, गरम पाणी, स्वच्छ पंचे, क्रेप बँडेज, सॅनिटरी पॅड, मोबाईल चार्जिंगसाठी लांब वायरचा बोर्ड, याची खरी गरज असते. बायकांसाठी टॉयलेट कुठे आहे ते विचारून ठेवा आणि घरातलं द्यायची तयारी असेल तर दाराबाहेर पाटी लावा, त्यासारखी सेवा नाही. भाकरी येत नसेल तर कांदा चिरायला बसा. निघायच्या दिवशी पहाटे तीनपासूनच लोक उठतात, माउलींची पालखी पुढे दिवे घाटाने सासवडला जाते आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे, तेव्हा चहा साडेतीनला तयार लागतो. मोठं पातेलं आमच्याकडे आहे, दूध तुम्ही आणा.